बसमधली सीट: मागायची कशी, सोडायची कशी

गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं की गोव्यातल्या रोजच्या बसप्रवासात जे काही खटकतं, अडतं, ते लिहून पाठवा. पत्रं भरपूर आली आणि त्यातली बरीचशी एकाच गोष्टीवर होती, सीट. सगळी छापता येणार नाहीत, निवडक घेतोय. नावं देत नाही, गाव तेवढं देतो.

प्रश्न: मी रोज साखळीहून पणजीला जॉबला जाते. दुसरा महिना चालू आहे, घरात फक्त नवऱ्याला आणि आईला माहीत आहे. मागच्या आठवड्यात मी बसलेली, एक काकी चढल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, आजकालच्या पोरींना मोबाइलमधून मान वर करायला नको. मी उठले. थोड्या वेळाने डोळ्यांपुढे अंधारी आली, दांड्याला धरून कशीबशी पोचले. मी तेव्हाच सांगायला हवं होतं का? (वाचक, साखळी)

उत्तर: नाही. गरोदर आहात हे भर बसमध्ये सांगायची तुमच्यावर काहीही जबाबदारी नाही. लोकांना वाटतं पोट दिसायला लागलं की मग त्रास, पण पहिल्या तीन महिन्यांतच मळमळ, थकवा, चक्कर जास्त असते, रक्तदाब उतरतो, आणि आपल्या मिनीबसमध्ये ब्रेक लागला की धडधाकट माणूससुद्धा पुढच्यावर जाऊन आदळतो. तुमची सीट तुमच्या हक्काची होती.

लंडनच्या मेट्रोत गरोदर बायका ‘बेबी ऑन बोर्ड’ लिहिलेला बिल्ला लावतात, जपानमध्ये २००६ पासून तसंच एक चिन्ह आहे, बॅगेला अडकवायचं. चांगली सोय आहे पण ती त्या शहरांत चालते जिथे शेजारी बसलेला माणूस अनोळखी असतो. तुमच्या बसमध्ये अर्धे लोक तुम्हाला ओळखतात, उरलेले तुमच्या सासूला ओळखतात, बिल्ला लावला तर तुम्ही संध्याकाळी घरी पोचायच्या आत बातमी पोचलेली असेल. आणि तीन महिने कुणाला सांगायचं नाही ही आपल्याकडची रीत तुम्हाला पाळायची असेल तर ती पाळायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. म्हणून एकच वाक्य तयार ठेवा: ‘मला बरं नाही, उभं राहता येणार नाही.’ बस्स. काय झालंय विचारलं तरी तेच वाक्य पुन्हा, आवाज न चढवता. खोटं काही नाही त्यात. आणि रोजची बस असेल तर कंडक्टरला एकदा बाजूला सांगून ठेवा की काही महिने मला बसायला लागेल, कारणसुद्धा द्यायची गरज नाही. रोजच्या रूटवरचे कंडक्टर हे सांभाळून घेतात.

आता त्या काकींबद्दल. त्यांना सीट हवी होती, पाय दुखत असतील, ते खरंच असेल. पण त्याच बसमध्ये पुरुष बसले नव्हते का? तिशी-चाळिशीतले, हातात काही नसलेले? बसलेच असणार. तरी बोलणं नेहमी एकट्या बसलेल्या तरुण मुलीला ऐकवलं जातं, कारण ती उलटून बोलणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. हे मला फार लागतं. सीट पाहिजे तर सरळ मागा, टोमणा मारून उठवलेल्या माणसाला काय होतंय ते आपल्याला कधीच कळत नाही.

प्रश्न: वय ४४, मला संधिवात आहे, बोटं आणि गुडघे सकाळी आखडलेले असतात. वाळपईहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ओपीडीला जावं लागतं. दिसायला मी अगदी ठीक दिसते, त्यामुळे कुणी उठत नाही, आणि मागायला तोंड उघडत नाही. लोक काय म्हणतील असं होतं. काय करू? (वाचक, वाळपई)

उत्तर: ताई, तोंड न उघडणं हे फक्त तुमचं नाही. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्टॅन्ली मिलग्रम नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना तिथल्या भुयारी रेल्वेत पाठवलं, बसलेल्या माणसाकडे जायचं आणि काही कारण न देता म्हणायचं, मला तुमची सीट द्याल का. सगळ्यांना वाटलेलं लोक हाकलून देतील. पण १०० पैकी ६८ जणांनी जागा दिली, कुणी उठलं, कुणी सरकलं. आणि ज्यांनी मागितलं ते धडधाकट तरुण! अवघड गेलं ते मागणाऱ्यांना, मिलग्रमने स्वतः मागून पाहिलं तर त्याच्या घशातून शब्द बाहेर पडेनात. म्हणजे भिंत आहे ती बहुतेक वेळा मागणाऱ्याच्या बाजूला असते, देणाऱ्याच्या नाही.

त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. ‘मला उभं राहून पुस्तक वाचता येत नाही’ असं फालतू कारण सांगितलं तेव्हा जागा देणारे १०० पैकी ४२ वर आले. त्यामुळे उगाच लांबण लावू नका, कारणांची माळ लावली की समोरचा ते कारण तपासायला लागतो. एक तर काहीच सांगू नका नाहीतर खरं तेवढं सांगा, ‘गुडघे दुखतात’. औषधांची फाइल उघडून दाखवायची तर मुळीच गरज नाही.

आणि मागायचं ते एकाच माणसाकडे. सगळ्या बसला उद्देशून ‘कुणी जागा देईल का’ म्हटलं तर प्रत्येकाला वाटतं दुसरा उठेल. एका माणसाकडे बघा, थोडं वाका, ‘बाबू, मला जरा बसायला देशील?’ म्हणा. बहुतेक मुलं वाक्य पुरं व्हायच्या आत उठतात, कॉलेजची मुलं तर नक्कीच, त्यांचं लक्ष नसतं एवढंच. कुणी नाही म्हणालं तर त्याच्याशी भांडू नका, त्यालाही काही असेल जे तुमच्यासारखंच दिसत नाही, शेजारच्याला विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, पार्किन्सन्ससुद्धा येतात. यातलं कितीसं बसमध्ये चेहरा बघून कळतं? म्हणून राखीव सीटवर बसलेल्या तरुण माणसालासुद्धा आधी विचारावं, ओरडू नये.

प्रश्न: मी ६४ वर्षांचा, शाळेतून निवृत्त. फोंडा-पणजी बसमध्ये मुलं मला पाहून उठतात. मी रोज चालतो, तब्येत ठणठणीत आहे, मला ते बरं वाटत नाही. नको म्हटलं तर चुकलं का? (वाचक, फोंडा)

उत्तर: सर, बसा. तो मुलगा उठला तेव्हा त्याने तुमचं वय मोजलं नाही, कुणीतरी शिकवलं होतं ते त्याने केलं, कदाचित तुमच्यासारख्याच एखाद्या मास्तरांनी. तुम्ही ‘मी काही म्हातारा नाही’ म्हणून त्याला परत बसवलंत तर तो चारचौघांत ओशाळतो, आणि पुढच्या वेळी खरोखर गरज असलेली आजी समोर आली तरी त्याला उठावं की नको असं होतं. फर्मागुडीला चढून मंगेशीला उतरायचं असेल तर गोष्ट वेगळी, ‘बस बाबा, मी इथेच उतरतो’ म्हणा, तेही हसून.

एक मात्र करू नका, आणि हे पुष्कळ जण करतात. स्वतःला नको असलेली सीट आपल्या मित्राला देऊन टाकायची. मुलाने ती तुमच्यासाठी सोडली, तुम्हाला नको तर ती परत त्याची. बसमध्ये लेकरू घेऊन कुणी उभी असेल तर तिला द्यावी, पण मुलाला विचारून.

प्रश्न: सकाळच्या बसला नुस्त्याच्या (मासळीच्या) पाट्या घेऊन बायका चढतात. शेजारी बसल्या की ऑफिसला जाईपर्यंत कपड्यांना वास. मी उठून दुसरीकडे जाते. हे वाईट दिसतं का? (वाचक, म्हापसा)

उत्तर: हो, दिसतं. वास येतो हे खोटं नाही, तुम्ही सरळ विचारलंत तर सरळच सांगते. पण ती बाई उजाडायच्या आत जेटीवर जाऊन माल घेऊन आलेली असते, पाटी स्वतः उचलते, दिवसभर जमिनीवर बसून विकते. त्या सगळ्या दिवसात बसमधली तेवढीच वेळ तिची पाठ टेकते. तिने तिकीट तुमच्याएवढंच काढलंय. तुम्ही ताडकन उठलात की आजूबाजूचे चार जण बघतात आणि ती मान खाली घालते, मी हे पाहिलंय. आणि दुपारी आपल्या ताटात बांगड्याचं हुमण कुणामुळे येतं?

पाटी सीटवर नको, हे बरोबर आहे. पाटी मागे किंवा पायाशी, झाकलेली, पाणी गळणार नाही अशी, हे कंडक्टरने बघायचं आणि बहुतेक बायका स्वतःच बघतात. वासाने खरंच मळमळत असेल तर चढतानाच खिडकीची जागा घ्या, काच उघडा. बसल्यावर उठून जाऊ नका.

प्रश्न: मुलीचं अर्धं तिकीट काढतो, मग तिला सीट का नाही? आणि खिडकीतून रुमाल टाकून सीट धरली तर ती आमची की नाही? (वाचक, डिचोली)

उत्तर: मुलगी मांडीवर मावते तोवर गर्दीत मांडीवर घ्या. मोठी झाली असेल तर तिला उभं राहायला शिकवा, तुमच्या पायांमध्ये, दांड्याला धरून. लहानपणी आईबापाने सांगितलं ‘ऊठ, आजीला बसू दे’ की ती सवय जन्मभर राहते.

रुमालाचं म्हणाल तर रांगेतला नंबर मोडून खिडकीतून टाकलेला रुमाल मला मान्य नाही. चवथीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारातून माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान घेऊन लोक परततात तेव्हा तर एकेक रुमाल तीन तीन सीट अडवतो, आणि दोन्ही हातांत ओझं असलेल्या बाया उभ्या. उभं राहू न शकणारा माणूस समोर असेल तर रुमाल उचलायचा, वाद नाही.

प्रश्न: मी पेडण्याच्या बाजूला खाजगी बसवर कंडक्टर आहे. म्हातारं माणूस चढलं की लोक मलाच म्हणतात, उठव रे कुणाला तरी. ज्याला उठवतो तो माझ्यावर चिडतो. मालक म्हणतो पॅसेंजरशी वाद नको. मी काय करायचं? (वाचक, पेडणे)

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. लोक तुमच्यावर ढकलतात कारण त्यांना स्वतः बोलायचं नसतं, हे बरोबर नाही. तरी बसमध्ये सगळ्यांनी ऐकावा असा आवाज तुमचाच असतो. ‘फुडें वचात, फुडें वचात’ (पुढे चला) तुम्ही दिवसभर म्हणताच, त्याच सुरात ‘आजयेक मात्शें बसपाक दियात’ (आजीला जरा बसायला द्या) म्हणा. आधी राखीव सीटकडे वळा, तिथे तुमच्या पाठीशी पाटी लिहिलेली आहे, तुम्ही स्वतःच्या मनाने काही सांगत नाही. तिथून जमलं नाही तर दाराजवळच्या दोन-तीन सीटवाल्यांकडे, कारण म्हाताऱ्या माणसाला चालत्या बसमध्ये मागेपर्यंत नेणं धोक्याचं. अमुक एकाकडे बोट दाखवून ‘तू ऊठ’ मात्र नको, तिथेच माणूस चिडतो.

आणि कुणी उठलं तर त्याला मोठ्याने ‘देव बरें करूं’ (देव भलं करो) म्हणा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

एक गोष्ट मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे, त्यात ना मालक आड येतो ना पॅसेंजर. ते माणूस टेकेपर्यंत ड्रायव्हरला बेल देऊ नका.