हप्त्यावर घरची लॅब? आधी कॉलेजची लॅब वापरून घे

तुझा मेल दोनदा वाचला. इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, स्कॉलरशिप आणि इंटर्नशिपचे मिळून आठ महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे साठलेत, आणि ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप, ऑसिलोस्कोप (विजेचा सिग्नल पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र), थ्रीडी प्रिंटर, शिवाय ऑनलाइन हँड्स-ऑन लॅबचं वर्षाचं सबस्क्रिप्शन असं सगळं मिळून चौदा महिन्यांच्या खर्चाएवढं बिल होतंय. म्हणजे सगळी बचत घालायची आणि उरलेले सहा महिन्यांएवढे दोन वर्षांच्या हप्त्यांवर. वर विचारतेस की ही शिक्षणातली गुंतवणूकच आहे ना, मग काय बिघडलं?

बिघडलं हे की यातल्या निम्म्या गोष्टींचे पैसे तू आधीच भरलेत. फीमध्ये.

आधी हप्त्याचं बघू. दुकानदाराने तुला १२ टक्के 'फ्लॅट' सांगितलंय. फ्लॅट म्हणजे तू निम्मं कर्ज फेडलंस तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच लागत राहतं. १०० घेतले तर दोन वर्षांत १२४ भरायचे, आणि मुद्दल दर महिन्याला कमी होतंय हे धरून हिशोब केला तर खरा दर २१-२२ टक्क्यांच्या घरात जातो. ज्याला अजून पगार सुरू नाही त्याने या दराने उपकरणं घेऊ नयेत, इथे मी बिलकुल मऊ होणार नाहीये.

आता एकेक वस्तू. ऑसिलोस्कोपबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण हा गाढवपणा मी स्वतः केलाय (फायनान्समध्ये यायच्या आधी मीही याच ब्रांचचा). हप्त्यावर सेकंडहँड स्कोप घेतला, पहिला महिना रोज लावला आणि मग तो कॉटखाली गेला तो गेलाच, हप्ते मात्र वेळेवर जात होते. तू लिहिलंयस की सेन्सरचा आयस्क्वेअरसीवरून (चिप्सना एकमेकींशी बोलायची दोन तारांची जोडणी) येणारा डेटा मधेच गायब होतो म्हणून स्कोप हवाय. अगं, ती जोडणी साधारण १०० किंवा ४०० किलोहर्ट्झला चालते, त्यासाठी आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झ सॅम्पलिंगचा यूएसबी लॉजिक अॅनालायझर पुरतो, तो स्कोपच्या किमतीच्या अगदी छोट्या हिश्श्यात येतो आणि पल्सव्ह्यू हे सॉफ्टवेअर फुकट आहे, कुठल्या बाइटनंतर अॅक्नॉलेज (मिळाल्याची पोच) आलं नाही ते सरळ अक्षरात दाखवतं. पुलअप रेझिस्टर (तार मोकळी असताना सिग्नल वर ठेवणारा) लावलायस का ते त्याआधी बघ, पण ते असो. अॅनालायझरला फक्त शून्य आणि एक कळतं, सप्लायवरचा रिपल (व्होल्टेजची बारीक थरथर) किंवा एजवरचं रिंगिंग (सिग्नल बदलताना येणारे हेलकावे) त्यात दिसणार नाही, त्यासाठी स्कोपच लागतो. पण ते काम सेमिस्टरमध्ये किती दिवस? सात-आठ? तेवढ्यासाठी कॉलेजचा स्कोप आहे.

घरी काय पाहिजे तर जे रोज रात्री हातात येतं ते. बरा मल्टिमीटर, टेम्परेचर कंट्रोलवाली सोल्डरिंग आयर्न, ब्रेडबोर्ड, जम्पर, एखादा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, तो अॅनालायझर. हे सगळं तुझ्या एका महिन्याच्या खर्चात बसतं, हे बिनधास्त घे, यात कंजूषी नको. स्वस्तातली आयर्न घेऊन सर्किट बोर्डावरचे तांब्याचे पॅड उचलून घेतलेली पोरं पाहिलीत मी.

सॉफ्टवेअरवर तर एक पैसा घालू नकोस. सर्किट बोर्ड डिझाइन करायचं कायकॅड १९९२ पासूनचं आहे, फुकट आहे, आणि लोक त्यावर विकायचे बोर्डसुद्धा बनवतात. सर्किटच्या सिम्युलेशनला एलटीस्पाइस, मॅटलॅबच्या (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) बऱ्याचशा कामाला ऑक्टेव्ह. २०१४ पासून गिटहबचा स्टुडंट पॅक (प्रोग्रॅमिंगच्या साधनांचा फुकट संच) आहे, विद्यार्थी असल्याचा पुरावा दिला की मिळतो, जेटब्रेन्सचे कोड लिहायचे एडिटरही तसेच. फक्त एक लक्षात ठेव, स्टुडंट लायसन्स बहुतेक ठिकाणी शिकण्यापुरतं असतं, त्यावर क्लायंटचं काम करून पैसे घेतलेस तर नियम मोडतो.

ग्राफिक्स कार्ड तुला मशीन लर्निंगच्या इलेक्टिव्हसाठी हवंय. गूगलचं कोलॅब ऑनलाइन फुकटात जीपीयू (ग्राफिक्स कार्डची चिप) देतं, हमी नसते आणि सेशन तुटतं, म्हणून चेकपॉइंट (तिथवर शिकलेलं मॉडेल) गूगल ड्राइव्हवर सेव्ह करत जायचं, वैताग आहे पण एका विषयासाठी चालतं. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर फॉर स्टुडंट्समध्ये (भाड्याने ऑनलाइन मशीन) क्रेडिट कार्ड न देता १०० डॉलरचं क्रेडिट मिळतं, ते संपलं की सर्व्हिस बंद पडते, आणि माझ्या दृष्टीने हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे! जिथे क्रेडिट कार्ड जोडावं लागतं तिथे मशीन चालू ठेवून झोपलीस तर मीटर चालूच, आणि बजेट अलर्ट म्हणजे बहुतेक वेळा नुसता मेल, मशीन आपोआप थांबत नाही. सध्याचा लॅपटॉप रडत असेल तर रॅम वाढव, एसएसडी टाक.

पेड लॅबचं सबस्क्रिप्शन वर्षाचं नको. परीक्षा संपल्यावर एका महिन्याचं घे आणि किती दिवस लॉगिन केलंस ते वहीत लिही, दहाच्या खाली आलं तर पुढचं आपोआप ठरलं.

एक महिन्याचा खर्च बेसिक सामानाला, दोन महिन्यांचा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला (बोर्ड पहिल्या फेरीत चालत नाही, दुसऱ्यांदा मागवायची तयारी ठेव), उरलेल्या पाचाला हात लावू नकोस, कारण निकाल आणि पहिला पगार यात किती महिने जातील हे तुलाही माहीत नाही आणि मलाही.

राहिला प्रिंटर. तू लिहिलंयस की कॉलेजमध्ये एक आहे पण कायम कुलूपबंद असतो. लॅब असिस्टंटना जाऊन विचार किल्ली कोणाकडे असते आणि सुट्टीच्या दिवशी कोणाच्या सहीने उघडतात, एचओडींकडे (विभागप्रमुखांकडे) नंतर जा. काय म्हणाले ते मला लिही, मग प्रिंटरचं बोलू.