सीनियर बॅकएंड (सर्व्हरकडचा कोड लिहिण्याच्या) नोकरीसाठी अर्ज करण्याआधी

रेझ्युमेत जावा, स्प्रिंग बूट, काफ्का अशी जंत्री देऊ नकोस. एकच काम निवड, पण ते मुळापासून सांगता आलं पाहिजे. समजा पेमेंट. ग्राहकाने बटण दाबलं, उत्तर यायच्या आत टाइमआउट झाला, ॲपने तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवली. पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून काय केलंस? प्रत्येक व्यवहाराला आयडेम्पोटन्सी की, म्हणजे रिक्वेस्ट पुन्हा गेली तरी तीच राहणारी खूण, आणि त्या खुणेच्या कॉलमवर डेटाबेसमध्येच युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तीच खूण दुसऱ्यांदा नोंदवू न देणारा नियम. नुसतं कोडमध्ये 'आधी नोंद आहे का' बघून भागत नाही. दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी बघतात आणि दोन्ही पुढे जातात.

डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर एक्स्प्लेन ॲनालाइज (क्वेरी कशी चालली, कुठे वेळ गेला ते दाखवणारी कमांड) वाचायला शिकच. फॉरेन कीच्या (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या) कॉलमवर पोस्टग्रेस आपणहून इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन शोधायची सूची, बनवत नाही, हे मला प्रॉडक्शन अडकल्यावर कळलं. चालू टेबलवर इंडेक्स टाकताना 'कॉन्करंटली' लिही, नाहीतर तेवढा वेळ त्यात नवीन नोंदी थांबतात.

अल्गोरिदमचा रोज अर्धा तास सराव पुरे.

आणि तुझ्या हातून सिस्टीम बंद पडली असेल, तर ते लपवू नकोस. आधी काय दिसलं, काय पूर्ववत केलंस, मग कारण कसं सापडलं, ते क्रमाने सांग. मी मुलाखत घेतो तेव्हा पहिलं हेच विचारतो.