इतर हक्कांचा रकाना आधी वाच

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. घरात कोणी बिल्डर नाही, नात्यात कोणी तलाठी नाही, गाठीला भांडवल नाही. अशा स्थितीत पुण्यात घर-जमिनीच्या व्यवहारात पाय कसा रोवायचा, असे तू विचारले आहेस. ओळखी असलेल्या माणसाला पहिले दोन-तीन व्यवहार सोपे जातात, हे मी नाकारत नाही. मात्र त्यापुढे गिऱ्हाईक टिकते ते कागद वाचता येणाऱ्या माणसाकडे, आणि कागद वाचायला कोणाची ओळख लागत नाही.

सुरुवात भाड्याच्या घरांपासून कर. एकच परिसर निवड; तू नऱ्हे-आंबेगावात राहतोस, तर तोच घे. तिथे महाविद्यालयांमुळे दर जून-जुलैत खोल्या शोधणारी मुले येतात. कोणत्या सोसायटीत टँकरचे पाणी आहे, कुठे लिफ्ट महिनाभर बंद असते, कोणता मालक अनामत परत करताना रंगाचे पैसे कापतो, हे वहीत टिपून ठेव. एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून घेण्याची पद्धत आहे. रक्कम लहान वाटेल, पण आज भाड्याने राहणारे जोडपेच चार वर्षांनी टू बीएचके शोधायला निघते आणि तेव्हा त्यांना तुझी आठवण होते. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला, तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि जबाबदारी मालकाची आहे. ही गोष्ट मालकाला नम्रपणे समजावून सांगणारा एजंट त्याच्या लक्षात राहतो.

आता माझी एक चूक सांगतो. उमेदवारीच्या दिवसांत सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला एका जमिनीचा व्यवहार मी जुळवला. सातबाऱ्यावरचे मालकाचे नाव पाहिले, क्षेत्र पाहिले आणि गिऱ्हाइकाला विसार, म्हणजे सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम, द्यायला लावला. पुढे वकिलांनी तोच कागद टेबलावर ठेवून 'इतर हक्क' या रकान्यावर बोट ठेवले. झेरॉक्समध्ये पुसट झालेली दोन अक्षरे होती, 'सा. कू.', आणि पुढे एक नाव. सा. कू. म्हणजे साधे कूळ, म्हणजे मालकाची जमीन कसणारा आणि तिच्यावर कायद्याने हक्क असणारा माणूस, हे मला त्या दिवशी कळले. व्यवहार मोडला, विसार परत मिळवायला तीन महिने गेले आणि त्या गिऱ्हाइकाने आपल्या आळीत माझ्याबद्दल जे सांगितले ते खोटे नव्हते.

म्हणून कोणी हातात दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नकोस. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो. त्यावरचे फेरफार क्रमांक, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे क्रमांक, घेऊन मागे मागे जात राहा. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी आहे का, हे पहिल्या भेटीतच विचार. फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला दिलेली अधिकृत परवानगी, माग आणि सामायिक जागा धरून फुगवलेल्या 'सेलेबल' आकड्याऐवजी कार्पेट क्षेत्र, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, विचार. हे सारे पाहूनही सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, वकिलाकडूनच घ्यायचा. आपण वकील नव्हे.

नव्या प्रकल्पांतील घरे विकायची असतील तर महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची, एजंट म्हणून नोंदणी लागते, आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. व्यक्तीसाठी नोंदणी शुल्क दहा हजार आहे आणि नोंदणी पाच वर्षे चालते. तेवढे पैसे भाड्याच्या दलालीतून साठव, कर्ज काढू नकोस. नोंदणीपात्र असूनही नोंदणी न झालेल्या प्रकल्पातले घर दाखवायला कोणी दुप्पट दलाली देऊ केली तरी जाऊ नकोस. करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हेही गिऱ्हाइकाला तूच सांग, मग बिल्डरच्या ऑफिसातल्या लोकांचा चेहरा उतरला तरी चालेल.

विक्रीची दलाली बहुधा खरेदीखत झाल्यावरच हाती पडते, त्यामुळे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय आत्ताची नोकरी सोडू नकोस. दलाली किती आणि केव्हा, हे साइट दाखवण्यापूर्वी लिहून घे. निदान व्हॉट्सॲपवर तरी.

पुढच्या रविवारी सकाळी घरी ये. येताना तू राहतोस त्या इमारतीखालच्या जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून आण. चहा घेता घेता आपण ती वरपासून खालपर्यंत वाचू.

तुझा,
काका