प्रश्न तुमचे, उत्तरं आमची: फेरीबोट तिरकी का धरतात?

प्रश्न : धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीने जाताना बोटीचं तोंड बऱ्याचदा समोरच्या जेटीकडे नसतंच, तिरकं असतं, तरी बोट बरोब्बर जेटीला लागते. मुलगी नववीला आहे, तिच्या पुस्तकात चाल आणि वेग वेगवेगळे दिलेत, मला तर दोन्ही सारखेच वाटतात. तिला हे बोटीचं उदाहरण देऊन समजावता येईल का?
(एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर : नक्की येईल, आणि मला विचाराल तर पुस्तकातल्या सरळ रस्त्यावरच्या गाडीपेक्षा हे उदाहरण कितीतरी चांगलं आहे. चाल सांगते फक्त किती जोरात, वेग सांगतो किती जोरात आणि कुठल्या दिशेला. गाडी चालवताना दिशेचं काम रस्ताच करतो म्हणून आपलं तिकडे लक्ष जात नाही, पण खाडीत रस्ता नाही आणि खालचं पाणी स्वतःच चाललेलं असतं. ओहोटी लागली की वाशिष्ठीचं पाणी समुद्राकडे ओढतं, आणि पाण्यावर तरंगणारी प्रत्येक गोष्ट त्याच्याबरोबर तिकडे सरकते, मग तिचं इंजिन कितीही चांगलं असो.

आता हिशोबाला सोपे आकडे घेऊ, खाडीचं खरं माप म्हणून धरू नका. पात्र ९०० मीटर रुंद, बोट पाण्यात सेकंदाला ३ मीटर जाते, प्रवाह सेकंदाला १ मीटर. तोंड सरळ समोर ठेवलं तर ३०० सेकंदात बोट पलीकडे पोचेल खरी, पण तेवढ्या वेळात प्रवाहाने तिला ३०० मीटर समुद्राकडे नेलेलं असेल, म्हणजे जेटी राहिली बाजूला. म्हणून चालवणारा तोंड चिपळूणच्या बाजूला साधारण साडेएकोणीस अंश वळवतो. बोटीच्या जोराचा काही भाग प्रवाहाला तोंड देण्यात जातो आणि पलीकडे जायला सेकंदाला २.८३ मीटर उरतात, त्यामुळे ३१८ सेकंद लागतात. जेमतेम १८ सेकंद जास्त, पण बोट जेटीलाच लागते. भरतीला पाणी आत येत असलं की हेच सगळं उलट्या बाजूला.

मुलीला ग्राफपेपरवर दोन बाण काढायला सांगा, ३ चौकोनांचा एक आणि त्याच्या टोकापासून काटकोनात १ चौकोनाचा दुसरा, मग पहिल्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत रेघ मारायची. तोंड सरळ ठेवलेली बोट किनाऱ्यावरून बघणाऱ्याला याच रेघेवरून जाताना दिसते. अंतर आणि विस्थापनही त्याच कागदावर होऊन जाईल. धोपाव्याहून दाभोळला बोटीने जा नाहीतर चिपळूणवरून रस्त्याने फिरून जा, विस्थापन तेवढंच, कारण ते फक्त सुरुवात आणि शेवट बघतं. अंतर मात्र गाडीचा काटा मोजतो, त्यात बराच फरक पडेल.

प्रश्न : कोकण रेल्वेने करबुड्याच्या बोगद्यातून जाताना मुलाने नाणं वर उडवलं, ते परत त्याच्याच हातात पडलं. गाडी तेवढ्यात पुढे गेलेली असते ना, मग नाणं मागे का पडत नाही?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : कारण नाणंही गाडीएवढ्याच वेगाने पुढे चाललेलं असतं. समजा गाडी ताशी ७२ किलोमीटरने जातेय, म्हणजे सेकंदाला २० मीटर. फूटभर वर उडवलेलं नाणं अर्ध्या सेकंदात परत येतं, तेवढ्यात गाडी १० मीटर पुढे जाते आणि नाणंही १० मीटर पुढे जातं. मुलाला ते सरळ वर जाऊन खाली आलेलं दिसतं, बाहेर रुळाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला तेच नाणं कमानीसारख्या वाटेने गेलेलं दिसेल, आणि दोघंही बरोबर आहेत. गॅलिलिओने १६३२ साली हेच जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण घेऊन मांडलं होतं, जहाज एकसारख्या वेगाने सरळ जात असेल तर आतल्या कुठल्याही प्रयोगावरून ते चाललंय की उभं आहे हे कळणार नाही. साडेसहा किलोमीटरचा तो बोगदा म्हणजे तशीच बंद खोली, बाहेर बघायला काही नसतंच. ब्रेक लागला मात्र की लगेच कळतं, तेव्हा उडवलेलं नाणं हाताच्या पुढे पडेल, कारण हात गाडीबरोबर हळू झाला आणि हवेतलं नाणं नाही.

आपल्याकडे बराचसा मार्ग एकेरी असल्यामुळे क्रॉसिंगला गाडी थांबते, तेव्हा शेजारची गाडी सुटली की क्षणभर आपलीच सुटल्यासारखं वाटतं बघा, तेही याचंच. लगेच पलीकडचा प्लॅटफॉर्म बघायचा, म्हणजे नक्की कोण हललं ते कळतं.

प्रश्न : दगड सरळ वर फेकला की सगळ्यात वर गेल्यावर त्याचा वेग शून्य होतो. मग तिथे त्वरण पण शून्य पाहिजे ना? सर नाही म्हणतात.
(नववीतला एक विद्यार्थी, देवगड)

उत्तर : सरांचं बरोबर आहे. त्वरण म्हणजे वेग किती भरभर बदलतोय ते, वेग स्वतः किती आहे ते नव्हे. तू दगड सेकंदाला ९.८ मीटरने वर फेकलास तर एका सेकंदाने वेग शून्य, आणखी एका सेकंदाने परत ९.८ पण खालच्या दिशेला. बदल सतत चालू आहे, वर पोचल्यावरही. तिथे त्वरण खरंच शून्य झालं असतं तर वेग शून्यच राहिला असता आणि दगड हवेत लटकून राहिला असता!

घरच्या माडावर करून बघ, फेकून नको, वहीत. १५ मीटरवरून सुटलेला नारळ जमिनीवर यायला साधारण पावणेदोन सेकंद घेतो आणि पोचतो तेव्हा सेकंदाला १७ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटरच्या आसपास, हवेमुळे थोडं कमी धर. गणित सुरू करतानाच कुठली दिशा धन ते लिहून टाक. वरची धरलीस तर त्वरण उणे ९.८, खालची धरलीस तर अधिक ९.८, दोन्हीने उत्तर एकच येतं, फक्त मध्येच बदलू नकोस, बहुतेकांचे मार्क तिथेच जातात.