आठवीत ‘अ-२’, नववीत ८० पैकी ३१

पत्र : माझी मुलगी नववीत, राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या शाळेत आहे. सातवी-आठवीत गणिताला कायम ‘अ-२’ श्रेणी होती. नववीच्या प्रथम सत्रात गणितात ८० पैकी ३१ आणि विज्ञानात ३८ मिळाले. अंतर्गत २० पैकी मात्र १८. पेपर संपायच्या वीस मिनिटे आधी ती लिहून मोकळी झाली होती, म्हणजे वेळ कमी पडला असेही नाही. शाळा म्हणते, नववीत असे होतेच. हिचे बाबा म्हणतात, आधीच्या श्रेण्या खोट्या होत्या. दहावीला सीबीएसईत घालावे, की नववी पुन्हा करून घ्यावी? तिला इंजिनीअर व्हायचे आहे, ते आता विसरायचे का? तिचा चित्रकलेचा क्लासही आम्ही बंद करणार आहोत. गणित भाग १ ची प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका यांचे फोटो जोडले आहेत.
— एक आई, संगमनेर

उत्तर :

नमस्कार ताई,

फोटो पाठवलेत हे फार बरे केलेत. ‘३१ पडले’ एवढ्यावरून काहीच सांगता आले नसते. उत्तरपत्रिकेवरून बरेच सांगता येते.

आधी बाबांच्या शंकेबद्दल. श्रेण्या खोट्या नव्हत्या, पण त्या कशाच्या होत्या ते घरात कुणी पाहिले नाही. २०१० पासून आपल्याकडे आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. सातवी-आठवीला त्यात आकारिक मूल्यमापनाला ४० आणि संकलित मूल्यमापनाला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला, ६० गुण असतात. आकारिकमध्ये निरीक्षण, तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, छोट्या चाचण्या असे सगळे येते. नियमित, नीटनेटके काम करणाऱ्या मुलीला तिथे ३८ मिळणे अवघड नाही. संकलितच्या ६० मधलेही १० गुण तोंडी-प्रात्यक्षिकाचे. कोऱ्या कागदावर लिहायची परीक्षा उरते ५० गुणांची. आता समजा आकारिक ३८, तोंडी ९ आणि लेखी ३५. बेरीज ८२, श्रेणी ‘अ-२’, कारण ती ८१ ते ९० ला मिळते. लेखीत मात्र ७० टक्केच झाले, आणि पेपर शाळेचाच, बहुतेक प्रश्न पुस्तकातल्या सरावसंचांतले. आठवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण झाली यावरही फार विसंबू नका. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला ती सक्तीची झाली, पण आठवीला उत्तीर्ण व्हायला ६० पैकी २१ पुरतात.

नववीत लेखीचे वजन एकदम ८० वर जाते आणि प्रश्नपत्रिका दहावीच्या धर्तीवर येते. मूल तेच असते, मोजमाप बदलते. त्यामुळे ‘नववीत असे होतेच’ हे शाळेचे म्हणणे चूक नाही, पण अपुरे आहे. कोणत्या प्रश्नात काय झाले हे शाळेने सांगायला हवे होते.

आता उत्तरपत्रिका. भाग १ मध्ये ४० पैकी १४ आहेत. प्रश्न १ च्या बहुपर्यायी आणि एकेका गुणाच्या उपप्रश्नांत ८ पैकी ६. प्रश्न २(अ) च्या कृतींत, म्हणजे चौकटी पूर्ण करण्यात, ४ पैकी ४. प्रश्न २(ब) मध्ये ८ पैकी ३, प्रश्न ३(अ) मध्ये ३ पैकी १ आणि ३(ब) मध्ये ६ पैकी शून्य. प्रश्न ४ आणि ५ कोरे. जिथे गणिताचा सांगाडा छापून दिलेला आहे तिथे ती पूर्ण गुण घेते. जिथे पहिली ओळ स्वतः लिहायची तिथे अडते. मुलीला गणित ‘येत नाही’ असे हा कागद म्हणत नाही.

२(ब) मधले गेलेले ५ गुण नीट बघा. दोन गणितांत रीत बरोबर आहे. कंसाबाहेरचे वजा चिन्ह आतल्या पहिल्या पदाला लागले, दुसऱ्याला लागलेच नाही. प्रत्येकी १ गुण गेला. तिसऱ्यात एका चलाची किंमत काढून ती थांबली, दुसऱ्याची काढायची राहिली, आणखी १. चौथे मात्र खरोखर समजलेले नाही, त्याचे २.

३(ब) मधले पहिले शाब्दिक उदाहरण वयांचे आहे : वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा ५ ने जास्त. तिने मुलाच्या वयात आधी ५ मिळवले आणि मग तिप्पट केली. ही चूक बीजगणिताची नाही, वाक्य वाचण्याची आहे. समीकरण मांडण्याआधी एक सोपा आकडा घालून पाहायला सांगा. मुलगा १० वर्षांचा धरला तर वाक्याप्रमाणे वडील ३५ चे, तिच्या समीकरणाप्रमाणे ४५ चे. तफावत तिची तिलाच दिसेल. दहा-बारा उदाहरणांत ही सवय अंगवळणी पडते.

त्याच प्रश्नातल्या दुसऱ्या गणिताचे मला सगळ्यात वाईट वाटले. चार ओळी लिहून तिने त्यावर आडवी रेघ मारली आहे. चारही ओळी बरोबर आहेत! पाचव्या ओळीत अपूर्णांक आला. उत्तर ‘सुटसुटीत’ येत नाही म्हणजे चुकलेच, असे तिला वाटले असणार. पुस्तकातली उत्तरे बहुधा पूर्णांकात येतात, म्हणून बऱ्याच मुलांचा हा समज होतो. वीस मिनिटे हातात असताना ३ गुण खोडले गेले. घरात एक नियम करा : त्याच गणिताचे दुसरे उत्तर लिहून होईपर्यंत पहिले खोडायचे नाही.

चिन्हांचे २, अर्धवट सोडलेल्याचा १ आणि खोडलेले ३ असे ६ गुण नवीन काहीही न शिकता परत येतात. १४ चे २० होतात. ‘गणित कच्चे आहे’ म्हणून सरसकट क्लास लावण्याआधी हा हिशेब त्या क्लासवाल्यांनाही दाखवा.

प्रश्न ४ आणि ५ ची घाई नको. ते मुद्दाम पुस्तकाबाहेरचे, विचार करायला लावणारे असतात आणि दोन्ही मिळून ४० पैकी ११ गुणांचे. पहिल्या तीन प्रश्नांतच २९ गुण आहेत. त्यात २३-२४ येऊ लागले की मगच ४ कडे वळायचे. अवघड गणितांच्या जाड मार्गदर्शिका आत्ता विकत घेऊ नका.

भाग २ चे १७ आहेत, पण त्याचे फोटो नाहीत. शाळेत जाऊन ती उत्तरपत्रिका बघा. नववीचे पेपर शाळेतच तपासले जातात, पालकांना दाखवायला सहसा अडचण नसते. (दहावीला असे नसते. तिथे मंडळाकडे छायाप्रतीसाठी अर्ज करावा लागतो आणि छायाप्रत हाती आल्याशिवाय पुनर्मूल्यांकन मागता येत नाही.) बाईंना भेटाल तेव्हा ‘कडक का तपासलेत’ असे विचारू नका, त्यातून दोन्ही बाजू ताणल्या जातात. सिद्धतेत पक्ष, साध्य आणि प्रत्येक विधानापुढे कारण लिहिले आहे का, आकृती काढून तिला नावे दिली आहेत का, आणि फळ्यावर बोलावल्यावर ती गणित स्वतः सुरू करते की पहिली पायरी सांगावी लागते, एवढे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांत मोलाचे.

घरचा अभ्यास रोज ४५ मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, त्याहून जास्त नको. पहिले तीन आठवडे नववीचे पुस्तक बाजूला. आठवीच्या पुस्तकातली चारच प्रकरणे घ्या : विस्तार सूत्रे, बैजिक राशींचे अवयव, समीकरणे सोडवणे आणि त्रिकोणांची एकरूपता. जुने पुस्तक रद्दीत गेले असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळते. हीच चार का? अवयव पाडता आले नाहीत तर दहावीची वर्गसमीकरणे अडतात, आणि एकरूपता पक्की नसेल तर समरूपता अडते. नववीतली दोन चलांतील रेषीय समीकरणे दहावीत पहिल्याच प्रकरणात पुन्हा येतात, म्हणजे तिथे केलेली मेहनत दोनदा कामी येते.

त्यानंतर नववी, पण कृतींची चाल उलटी करून. पुस्तकातली पूर्ण केलेली एक कृती किंवा सोडवलेले उदाहरण तिने एकदा वाचायचे, पुस्तक मिटायचे आणि कोऱ्या पानावर पहिल्या ओळीपासून उतरवायचे. अडली तर पुस्तक उघडून फक्त पुढची ओळ बघायची, पुन्हा मिटायचे. दिवसाला तीन गणिते बास. शेवटची दहा मिनिटे तपासणीची : चिन्ह, एकक, विचारलेले उत्तर लिहिले का. चुकलेल्या गणितासमोर लाल फुली न मारता ‘चिन्ह’, ‘अर्धवट’, ‘वाचन’ किंवा ‘कळले नाही’ यांपैकी एक शब्द लिहायचा. महिन्याभराने वही चाळली की कोणता शब्द कमी होतोय ते दिसते. हे तुम्ही करू शकता, त्याला गणित यावे लागत नाही.

दर दुसऱ्या रविवारी ४० गुणांचा एक पेपर घड्याळ लावून, दोन तासांत. एका गुणाला तीन मिनिटे पडतात. हिला वेळ उरतो, म्हणून दोन तास होईपर्यंत जागेवरून उठायचे नाही. उरलेली वीस मिनिटे सोडून दिलेल्या प्रश्नांची निदान सूत्रे आणि पहिली पायरी लिहायला वापरायची. गुण पायऱ्यांना मिळतात.

विज्ञानाचे थोडक्यात सांगते. ३८ पडतात तेव्हा बहुतेक वेळा वाचन झालेले असते, लेखन झालेले नसते. ‘शास्त्रीय कारणे लिहा’ला २ गुण म्हणजे दोन मुद्दे : काय घडते आणि कोणत्या तत्त्वामुळे. मुले पहिलाच मुद्दा दोनदा लिहितात. प्रत्येक भागात तीन-तीन गुणांची पाच उत्तरे मिळून १५ गुण असतात. तिथे नामनिर्देशित आकृतीचा सराव सर्वांत लवकर फळ देतो.

अंतर्गत १८ मिळाले याचे समाधान मानू नका. ३१ आणि १८ मिळून प्रगतिपुस्तकावर ४९ दिसतात, लेखीत मात्र ती ३९ टक्क्यांच्या आसपास आहे. हे २० गुण काय करतात ते राज्याने एकदा पाहिलेले आहे. मार्च २०१९ च्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. त्या वर्षी निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी गुण परत दिले आणि निकाल ९५.३० झाला. म्हणून घरात आकडा बोलायचा तो ८० पैकीचाच.

सीबीएसईचा विचार सोडा. तिथे दहावीच्या परीक्षेची नोंदणी नववीतच होते. थेट दहावीत प्रवेश पालकांच्या बदलीसारख्या कारणांसाठी आणि मंडळाच्या परवानगीनेच मिळतो. समजा मिळालाच, तरी सरळ पायरी सोडून विचारलेले प्रश्न तिथे जास्त असतात. हिची नेमकी अडचण तीच आहे, आणि वर माध्यम बदलणार. नववी पुन्हा करण्याचेही कारण नाही. ती उत्तीर्ण होते आहे. एक वर्ष थांबवून खोडण्याची सवय जात नाही.

इंजिनीअरिंग अजिबात विसरू नका. अकरावीच्या किंवा तंत्रनिकेतनाच्या प्रवेशात नववीचे गुण बघत नाहीत. (२०२१ मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षा झाली नाही, तेव्हा नववीच्या निकालाला ५० टक्के भार दिला होता, तो अपवाद.) वाटा दोन आहेत. अकरावी-बारावी विज्ञान आणि मग एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा. किंवा दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. सीईटीत १५० बहुपर्यायी प्रश्न असतात, चुकल्यास गुण कापत नाहीत, आणि गणिताचा प्रत्येक प्रश्न २ गुणांचा असतो. हिचे बहुपर्यायी बरे आहेत, त्यामुळे ती वाट बंद नाही. पण हात चालवून शिकणाऱ्या मुलीला पदविका मानवते, असे माझे मत. ती कमी दर्जाची वाट समजू नका. कोणती घ्यायची हे दहावीच्या प्रथम सत्राच्या उत्तरपत्रिका हातात आल्यावर ठरवा. आज ठरवलेत तर ३१ या आकड्याच्या धाकाने ठरवाल.

एप्रिल-मेमधली दहावीची व्हॅकेशन बॅच मात्र टाळा. तिथे सहा आठवड्यांत दहावीचे निम्मे गणित उरकतात. नववी कच्ची असलेली मुलगी तिथे पुन्हा चौकटी भरायलाच शिकेल, आणि जूनमध्ये सगळे ‘झालेले’ असेल. त्या सुट्टीत नववीच्या भाग २ मधले त्रिकोण आणि वर्तुळ पूर्ण करून घ्या.

चित्रकलेचा क्लास बंद करू नका. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ सवलतीचे गुण मिळतात, ‘ब’ला ५ आणि ‘क’ला ३. पुढे पदविकेला गेली तर पहिल्याच वर्षी अभियांत्रिकी आरेखन येते, तेव्हा रेषेवर बसलेला हात उपयोगी पडेल. आठवड्याचे दोन तास तिथे जाऊ द्या. गणिताची ४५ मिनिटे त्या दिवशी सुट्टीवर.