पहिला सेफ्टी रेझर सौम्यच घे

सेफ्टी रेझर म्हणजे एकच सुटं ब्लेड बसवायचा दाढीचा रेझर. पहिल्याच खेपेला आक्रमक रेझरच्या मागे लागू नकोस. ब्लेडची धार रेझरच्या डोक्याबाहेर (ब्लेड बसतं त्या भागाबाहेर) किती डोकावते आणि धार व खालच्या पट्टीत किती फट आहे, यावर रेझरचा स्वभाव ठरतो. दोन्ही कमी असतील तर तो सौम्य, जास्त असतील तर आक्रमक. मर्कूर ३४सी किंवा म्यूले आर८९ यांपैकी एखादा सौम्य रेझर घे, निर्धास्तपणे.

सौम्य रेझरने दाढी गुळगुळीत होत नाही, हे मला अजिबात पटत नाही. रेझर एकदाच फिरवून सगळं उरकायचं नसतं, एवढंच. आधी केसांच्या दिशेने फिरव, पुन्हा फेस लाव, मग आडवा. उलटा, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेने, पहिला महिनाभर नकोच.

कार्ट्रिजची (अख्खं डोकंच बदलायच्या नेहमीच्या रेझरची) दाबायची सवय मात्र सोडावी लागेल. दांडी टोकाशी हलकेच धर, रेझरचं वजन पुरेसं असतं. आधी रेझरच्या डोक्याची वरची बाजू गालाला टेकव आणि दांडी हळूहळू खाली आण. केस कापल्याचा बारीक करकर आवाज आला की तोच कोन.

केस कुठल्या दिशेने उगवतात ते कळायला गळ्यावर दोन दिवसांची वाढ बोटांनी चाचपून बघ. माझ्या जबड्याखाली उजवीकडे केस चक्क आडवे उगवतात. ते कळल्यावरच तिथलं पुरळ थांबलं.

ब्लेड ओढल्यासारखं वाटलं की लगेच बदल.