गोदावरी जलपर्णीने भरते, मग मुंबईच्या खाडीत ती का दिसत नाही?

मिठामुळे. प्रत्येक जीवाची सोसण्याची हद्द असते आणि ती ओलांडणारी एकच गोष्ट पुरते; अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ व्हिक्टर शेलफर्डने १९१३ मध्ये हेच मांडलं. जलपर्णीला ऊन चालतं, नाशिकचं सांडपाणी तर खुराकच! पूल ओलांडताना दिसतो तो हिरवा गालिचा त्यावरच पोसलेला. एक रोप उपटून देठाचा फुगीर भाग दाबा, आत स्पंजासारखी हवा. पण खाऱ्या पाण्यात पानं करपतात, रोप मरतं. महसीर माशाचं उलट, त्याला स्वच्छ, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी लागतं.

अर्थात नुसत्या सोसण्याने भागत नाही. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. इथली हवा तिला आधीही मानवली असती, पण माणसाने शोभेसाठी आणेपर्यंत ती इथे नव्हतीच.